ओमेगा-३ घेऊन संधिवाताच्या गोळ्या सुटतात?

निशिगंध:
"बियांची तेलं बंद करा, ओमेगा-३ सुरू करा, तीन महिन्यांत संधिवाताच्या गोळ्या सुटतील." परवा ही पोस्ट वाचली. खाली नुसता धन्यवादांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मला रुमॅटॉइड (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) होऊन अकरा वर्षं झाली. चौथ्या वर्षी असंच काहीतरी वाचून मेथोट्रेक्सेट, म्हणजे या संधिवाताला आवर घालणारं औषध, मनानेच बंद केलं. पाच महिन्यांनी सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरवता येईना. आज उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. सूज उतरते हो, खाल्लं गेलेलं हाड परत येत नाही.

ओमेगा-३ला मी नावं ठेवत नाही. पेशींच्या आवरणातल्या अरॅकिडॉनिक आम्लापासून दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनतात. त्या जागी ईपीए (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३, दुसरं डीएचए) जाऊन बसलं की ती कमी बनतात. पण अभ्यासांत दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास ईपीए-डीएचए दिलं होतं, तेही औषधं चालू ठेवून. मिळालं काय? सकाळचा ताठरपणा थोडा कमी, वेदनाशामक गोळ्या थोड्या कमी. साध्या कॅप्सूलवर १,००० मिग्रॅ लिहिलेलं असतं ते तेलाचं वजन, त्यात ईपीए-डीएचए मिळून जेमतेम ३००. करा हिशोब.

अनुभवी४२:
पोस्ट माझीच आहे. तेल बदललं आणि माझा सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) ८ वरून २ वर आला. रिपोर्ट हातात आहे, तो खोटा? डॉक्टर पाच मिनिटं देतात, आहाराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मग माणसाने स्वतः वाचायचंही नाही का?

निशिगंध:
त्या काळात वजन किती उतरलं?

अनुभवी४२:
चौदा किलो. त्याचा काय संबंध?

निशिगंध:
सगळा संबंध तिथेच आहे. पोटावरची चरबी आयएल-६ नावाचं दाहाचा निरोप देणारं प्रथिन सोडते, त्याच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं. चरबी गेली, सीआरपी उतरला. आणि बियांच्या तेलांतलं लिनोलेइक आम्ल वाढवून माणसांवर प्रयोग झालेत, त्यांत सीआरपी वाढलेला दिसला नाही.

काजवा:
सीआरपीचं काय घेऊन बसलात, फेरिटिन बघा, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा! दोन वर्षं मला एक जिना चढला की मध्येच कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. फेरिटिन ९०, म्हणून "लोह भरपूर आहे" म्हणत परत पाठवायचे. दाह असला की फेरिटिन आपोआप चढतं, हे कुणी सांगितलंच नाही. शेवटी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातल्या लोहवाहक प्रथिनावर प्रत्यक्ष किती लोह आहे ते) काढलं तर ९ टक्के, म्हणजे फारच कमी! दाहामुळे यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते आतड्याचं दारच लावून घेतं. कितीही लोह खा, फारसं आत शिरत नाही.

पहाटवारा:
झालं, आता हे वाचून उद्या दहा जण लोहाच्या गोळ्या सुरू करणार. माझ्या भावाला हिमोक्रोमॅटोसिस, म्हणजे शरीरात जास्तीचं लोह साठत जाण्याचा आजार आहे. थकवा म्हणून वर्षभर मनाने लोह घेत होता, यकृतावर आलं. जबाबदारीने लिहा जरा.

काजवा:
गोळ्या घ्या असं मी कुठे लिहिलंय? सॅच्युरेशन तपासा म्हणतेय. आधी नीट वाचा, मग जबाबदारी शिकवा.

पहाटवारा:
"तपासा" हा शब्द तुमच्या त्या प्रतिसादात एकदाही नाही. पुन्हा बघा.

काजवा:
बरं, नाही. आता लिहिते: फेरिटिन, सॅच्युरेशन आणि सीआरपी एकत्र तपासा, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लोह घेऊ नका. झालं समाधान?

नवखी:
मध्येच विचारते, माफ करा. ती पोस्ट वाचून मी दोन आठवडे मेथोट्रेक्सेट घेतलेलं नाही. मनगट कालपासून गरम लागतंय. दोन आठवड्यांचं एकदम घेऊ का?

निशिगंध:
नको, अजिबात नको! ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे, चुकलेलं भरून काढायचं नसतं, जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. आत्ता डॉक्टरांना फोन करा, पुढची गोळी कधी ते त्यांनाच विचारा.

अनुभवी४२:
गोळ्यांची ओळ काढली पोस्टमधून. तेलाबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

निशिगंध:
तेलावर उद्या भांडू. नवखी, फोन लागला का?