चढाची उंची बाटलीने
हात लांब करून अंगठा धरायचा, एकेक डोळा मिटायचा आणि समोरच्या वस्तूवर अंगठा जेवढा सरकलेला दिसला त्याच्या दहापट अंतर, ही लांबचं अंतर मोजायची रीत बरोबरच आहे, पण समोरच्या वस्तूची रुंदी माहीत नसेल तर सगळं अंदाजपंचे. चढाची उंची त्यापेक्षा सोपी. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली डोळ्यासमोर आडवी धरायची, पाण्याची नुसती रेघ दिसली की तिच्या सरळ रेषेत चढावर जो दगड येईल तिथे जाऊन उभं राहायचं, आपण डोळ्याएवढे वर आलो, म्हणजे माझे दीड मीटर, मग परत तेच. बाटलीशिवाय नजर नकळत वर जायची, टप्पे कमी भरायचे आणि टेकडी बुटकी निघायची! आकडा विसरतो म्हणून दर टप्प्याला एक खडा खिशात टाकतो.