अबोल असणं आड येत नाही
मोठ्या कंपनीतली नोकरी सोडायचा विचार करणाऱ्या एका अबोल ताईंनी इथे धागा काढलाय. त्यावर अबोल माणसांनी मोठ्या कंपनीच्या वाटेला जाऊ नये, असं कोणी म्हटलंय, ते मला पटत नाही. हिंजवडीत आयटीमध्ये ११ वर्षं काढल्यावर सांगते, मोठ्या कंपनीत टिकणं हे वाट बघता येते की नाही यावर जास्त ठरतं. आमच्या टीममधली एक टेस्टर (सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी) मीटिंगमध्ये जेमतेम दोन वाक्यं बोलायची. पण रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पडण्याच्या, आदल्या रात्री तिचीच वही उघडली जायची: कुठला बग (चूक) कोणी कधी बंद केला, मंजुरीची मेल कोणाची, सगळं तारखेनिशी. मॅनेजर बदलले, क्लायंट बदलला, ती टिकली. याउलट एका अतिशय हुशार मुलाला कोडमधल्या चार ओळींच्या बदलासाठी तिघांची मंजुरी घेणं सोसेना. आठ महिन्यांत गेला. आता छोट्या कंपनीत आहे, खूश आहे. त्याच्यात काही खोट नव्हती.

अबोल माणसाला फटका बसतो तो अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाचं मूल्यमापन होतं तेव्हा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची २०-७०-१० अशी विभागणी रुजवली: वरचे २० टक्के, मधले ७०, आणि तळाच्या १० टक्क्यांना नारळ. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी क्रमवारी बंद केली, तरी बेल कर्व्ह (ठरावीक टक्के लोकांनाच वरचं, मधलं, खालचं रेटिंग द्यायची पद्धत) अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. रेटिंग ठरतं त्या खोलीत आपण नसतो, मॅनेजरला आपलं काम आठवावं लागतं. म्हणून धागा काढणाऱ्या ताईंनी नोकरी सोडण्याआधी एवढं करून बघावं: दर महिनाअखेर केलेल्या कामाची पाच ओळींची मेल मॅनेजरला पाठवायची. बोलावं लागत नाही, आणि नोंद राहते.