मदत हवी आहे: डेबियन १३ वर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालंय, बग कुठल्या पॅकेजवर नोंदवू?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात तीन संगणक आहेत, तिन्हींवर डेबियन ही लिनक्स प्रणाली. वाचनालयाचा दिवाळी अंक आम्ही तिथेच लिब्रेऑफिसमध्ये लावतो. गणपतीच्या सुट्टीत त्यातला एक संगणक मी डेबियन १२ वरून १३ वर नेला. काही अडचण आली नाही, सगळं सुरळीत चालू झालं. परवा त्याच संगणकावरून अंकाची पहिली प्रुफं काढली आणि सातव्या पानावर अडकलो. लेख आहे ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ आणि छापून आलंय ‘सह्याद्रीच्या दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! त्याच लेखात पुढे पंगतीच्या आचाऱ्यांचे ‘आचार्य’ झालेत.

एकोणिसाव्या पानावर आणखी वेगळा प्रकार आहे. ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दात ऱ सुटा पडलाय, त्याच्याखाली टिंब, त्याच्या बाजूला मोडलेला पाय आणि मग य वेगळा उभा. एका परिच्छेदात हा शब्द अकरा वेळा आलाय आणि अकराही वेळा असाच दिसतोय.

फॉन्ट आमचा जुनाच, अंक सुरू झाला तेव्हापासून ठरलेला, डेबियनच्या भांडारातून घेतलेला. त्याचं नाव आत्ताच देत नाही. दोष नक्की त्याचाच आहे हे कळलेलं नसताना नाव घेणं बरोबर वाटत नाही.

मला बग नोंदवायचाय. पण कुणावर? फॉन्टवर, लिब्रेऑफिसवर, अक्षरं जोडून देणाऱ्या हार्फबझवर, की कीबोर्डवर? आवृत्ती म्हणून काय लिहू? लिब्रेऑफिसच्या पॅकेजपुढे ‘४:२५.२.३’ असं काहीतरी दिसतं. यातलं चार कुठून आलं? आणि दुरुस्ती झाली तर ती १३ मध्ये मिळेल, की पुढच्या डेबियनची वाट बघायची?

घाईत काहीतरी पाठवून मोकळं व्हायचं नाहीये. ही पॅकेजं सांभाळणारी माणसं आपला फावला वेळ देऊन काम करतात. आणि दुसरं असं की अर्धा ऱ हिंदीला लागतच नाही. मराठी, कोकणी, नेपाळी अशा भाषा लिहिणाऱ्यांनाच तो लागतो. आपण नीट सांगितलं नाही तर ते कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.

---

रातपाळी

कातळवाट, तुमची दोन पानं म्हणजे मला दोन वेगळे आजार वाटतायत. एकाच पत्रात घालू नका.

‘दऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोडमध्ये ०९३१), त्यापुढे हलन्त आणि य. दुसरा प्रकार जुना: साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. त्या चिन्हाला शून्य रुंदीचा जॉइनर म्हणतात, त्याचा क्रमांक २००डी. दोन्ही लेखनं युनिकोडला मान्य आहेत आणि दोन्हींतून काढायचा तो आडवा अर्धा ऱच. पण दुसऱ्या प्रकारातलं न दिसणारं चिन्ह कुठे गळालं की उरतं र, हलन्त, य. त्याचा रफारच होणार. तिथे फॉन्ट, हार्फबझ आणि लिब्रेऑफिस तिघंही बरोबर वागतायत, मजकूरच तसा झालाय.

म्हणून सातव्या पानावरचा तो एक शब्द साध्या मजकुराच्या फायलीत चिकटवा आणि हेक्सडम्प (फायलीतली बाइट आकड्यांत दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. र-हलन्तानंतर ‘ई२ ८० ८डी’ ही तीन बाइट दिसतात का सांगा.

एकोणिसाव्या पानाचं वेगळं. तिथे ऱ ०९३१ च असणार, नाहीतर खालचं टिंब दिसलं नसतं. तिथे फॉन्टवर संशय घ्यायला जागा आहे. तोच शब्द फायरफॉक्समध्ये त्याच फॉन्टात बघा. फायरफॉक्स हार्फबझची स्वतःची प्रत बाळगतो आणि डेबियनमधलं लिब्रेऑफिस भांडारातलं हार्फबझ वापरतं. दोन्हीकडे सारखंच मोडत असेल तर दोघांमध्ये समान उरतो तो फॉन्ट.

आणि एक. तुमचा फॉन्ट भांडारातूनच येतोय याची खात्री केलीत का? एफसी-लिस्टला फॉन्टचं नाव द्या, ते फायलीचा पूर्ण मार्ग दाखवेल. तो मार्ग ‘डीपीकेजी -एस’ला दिला की फाइल कुठल्या पॅकेजची ते कळतं. कुणी कधीकाळी घरच्या फोल्डरात त्याच नावाचा फॉन्ट टाकून ठेवलेला असतो आणि आपण दोष पॅकेजला देत बसतो.

---

सांजवेळ

सोर्सेस फायलीत (पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी) टेस्टिंगची, म्हणजे पुढच्या तयार होत असलेल्या डेबियनची, ओळ घाला, अपडेट मारा, सगळ्यात नवा फॉन्ट मिळेल. पाच मिनिटांचं काम आहे.

---

रातपाळी

सांजवेळ, कृपा करून हा सल्ला नको. दिवाळी अंक तोंडावर आहे त्यांचा. स्टेबलच्या (म्हणजे तुमच्या १३ च्या) यादीत टेस्टिंग मिसळली की पुढच्या अपग्रेडमध्ये फॉन्टबरोबर लिबसी ही पायाभूत लायब्ररी आणि तिच्यावर उभं असलेलं निम्मं घर बदलायला लागतं. मग ते यंत्र धड १३ राहत नाही, धड टेस्टिंग होत नाही, आणि त्यावरून नोंदवलेल्या बगचा सांभाळणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. त्याचं पहिलं काम असतं तोच दोष आपल्याकडे घडवून बघणं. असं मिश्रण त्याच्याकडे कुठून असणार?

---

कातळवाट

रातपाळी, फार उपकार झाले. काल रात्री वाचनालय बंद झाल्यावर बसलो.

सातव्या पानावर ती तीन बाइट नाहीत. तीच फाइल शेजारच्या डेबियन १२ च्या संगणकावर उघडली, तिथेही ‘दर्या’च. म्हणजे अपग्रेडचा संबंधच नाही. लेखकाने मेलने पाठवलेल्या मूळ फायलीत चिन्ह शाबूत आहे. आमच्याकडे दुहेरी स्पेस आणि न दिसणारी अक्षरं काढणारा एक मॅक्रो आहे, मीच लिहिलेला. त्याने हे चिन्हही काढलं. गेल्या वर्षीच्या अंकात असं किती ठिकाणी झालं असेल ते आता तपासावं लागेल. मनाला फार लागलं.

एकोणिसाव्या पानाचं मात्र तुम्ही म्हणता तसंच. १२ वर ‘शेतकऱ्यांच्या’ सुरेख दिसतो, १३ वर मोडतो, फायरफॉक्समध्येही मोडतो. १३ वर त्या नावाची फॉन्टची फाइल एकच आहे आणि ती पॅकेजचीच आहे. मग आणखी एक करून बघितलं. १२ वरची फॉन्टची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि १३ वर एचबी-व्ह्यूला (हार्फबझने जोडलेल्या अक्षरांचं चित्र काढणारी आज्ञा) आधी ती दिली, मग १३ ची दिली. हार्फबझ तेच, शब्द तोच. जुन्या फायलीने अर्धा ऱ काढला, नव्या फायलीने ऱ आणि पाय वेगळे काढले. दोन्ही चित्रं जपून ठेवली आहेत.

मग डेबियनवाले १३ मध्ये जुनाच फॉन्ट परत का ठेवू शकत नाहीत?

---

रातपाळी

याहून चांगला पुरावा देता आला नसता. आता आवृत्तीचं सांगतो, तुमचा शेवटचा प्रश्नही त्यातच येतो.

डेबियनच्या आवृत्तीचे तीन तुकडे. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा आकडा डेबियनच्या पॅकेजिंगचा: मूळ फॉन्ट तोच, फक्त बांधणी बदलली की तो वाढतो. त्याच्या आधीचा तुकडा मूळ लेखकांचा. आणि अपूर्णविरामाच्या आधी कधीकधी एक आकडा असतो, त्याला इपॉक म्हणतात. लिब्रेऑफिसपुढचं ४ ते हेच, आवृत्ती आहे २५.२.३. आकडे लावायची पद्धत मध्येच बदलली किंवा चुकली की क्रम सावरायला इपॉक वाढवतात, आणि एकदा वाढवला की तो कायमचा चिकटतो. म्हणून जपून वापरतात.

क्रमाला एवढं जपायचं कारण, पॅकेजं आणून बसवणाऱ्या ॲप्टला फक्त चढणं कळतं. मोठा आकडा दिसला तरच ते बदल करतं. भांडारात लहान आकड्याचं पॅकेज ठेवलं तर ज्यांच्याकडे मोठा आहे त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आवळणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी चोरदरवाजा घातल्याचं उघडकीस आलं. ते आंद्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आलं, कारण डेबियनच्या अनस्टेबलवर (नवी पॅकेजं आधी येतात ती शाखा) एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकात, आत शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता. डेबियनला तातडीने मागे जायचं होतं, पण आकडा मागे नेता येत नाही. म्हणून पॅकेज आलं ते ‘५.६.१+रियली५.४.५-१’ या नावाने. दिसायला ५.६.१, आत ५.४.५. तुमच्या फॉन्टलाही जुना माल परत द्यायचा झाला तर असंच काहीतरी करावं लागेल. दुरुस्त करणं सोपं पडतं.

टिल्ड, म्हणजे नागमोडी रेघ, हीसुद्धा लक्षात ठेवा. ती लागलेली आवृत्ती ती नसलेलीपेक्षा लहान धरतात. बॅकपोर्टच्या, म्हणजे नव्या डेबियनमधून जुन्यासाठी बांधलेल्या, पॅकेजला ‘~बीपीओ’ असतं ते त्यासाठीच: पुढच्या डेबियनवर गेलात की तिथलं मूळ पॅकेज आपोआप मोठं ठरतं.

आता नोंदवणं. रिपोर्टबग हा बग नोंदवायचा प्रोग्राम चालवा, फॉन्टच्या पॅकेजचं नाव द्या. आवृत्ती, यंत्राची जात, अवलंबून असलेली पॅकेजं हे सगळं ते स्वतः भरतं. आधीच्या बगची यादीही दाखवतं, ती शेवटपर्यंत वाचा. डेबियनची बगव्यवस्था पूर्णपणे ईमेलवर चालते, खातं काढावं लागत नाही. पण पत्र आणि पत्ता जगजाहीर राहतो, तेव्हा वाचनालयाचा पत्ता वापरलात तर बरं. पत्र इंग्रजीत. चार वाक्यं पुरे: काय टाइप केलं, त्याचे युनिकोड क्रमांक, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. आणि तुमची दोन चित्रं. ‘१२ च्या आवृत्तीत हा दोष नाही’ हे वाक्य विसरू नका. कुठल्या आवृत्तीत दोष सापडला आणि कुठल्या आवृत्तीत सुटला हे ती व्यवस्था वेगवेगळं लिहून ठेवते. त्यामुळेच एकच बग टेस्टिंगमध्ये मिटलेला आणि स्टेबलमध्ये उघडा असू शकतो.

गांभीर्य ‘इम्पॉर्टंट’ ठेवा. ‘सीरियस’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘क्रिटिकल’ हे तिन्ही पॅकेजला स्टेबलमध्ये यायलाच अडवतात, आपलं प्रकरण तिथवर जात नाही. आणि ‘मायनर’ही लावू नका. मराठी मजकूर वाचता येत नसेल तर ते किरकोळ नाही.

१३ मध्ये कधी येईल? आधी दुरुस्ती अनस्टेबलमध्ये जायला हवी. मग सांभाळणारा स्टेबलच्या प्रकाशन-चमूकडे नेमका बदल दाखवून परवानगी मागतो. ती मिळाली की पॅकेजला ‘+डेब१३यू१’ असं शेपूट लागतं आणि पुढच्या पॉइंट रिलीजमध्ये (स्टेबलच्या दुरुस्त्यांचा एकत्र हप्ता) ते सगळ्यांकडे पोचतं. पॉइंट रिलीज साधारण दोन महिन्यांनी होतात. अख्खा नवा फॉन्ट सहसा घेत नाहीत, तेवढी एक दुरुस्तीच घेतात.

तोवर अंकासाठी १२ मधलं फॉन्टचं पॅकेज डीपीकेजीने बसवा आणि ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ लावा, म्हणजे ॲप्ट ते बदलणार नाही. खाली उतरणं एरवी चांगलं नाही, पण फॉन्टवर सहसा दुसरं काही अवलंबून नसतं. होल्ड कधी काढायचा ते मात्र संगणकावर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा, नाहीतर दुरुस्ती येऊनही तुमच्यापर्यंत पोचायची नाही.

---

कातळवाट

नोंदवलं. तासाभरात क्रमांकाचं पत्र आलं आणि आज सकाळी सांभाळणाऱ्यांचं उत्तर. फॉन्टच्या मूळ लेखकांकडे दुरुस्ती आधीच झाली आहे, पण ती ‘ऱ’पुढे ‘य’ आला तरच चालते. ‘ह’ आला तर काय होतं ते त्यांना माहीत नव्हतं. ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’, ‘ऱ्हास’, ‘गुऱ्हाळ’ अशी यादी करून पाठवली. त्यांनी विचारलंय, आणखी कुठली व्यंजनं ऱपुढे येतात? मला ‘य’ आणि ‘ह’ सोडून काही सुचत नाही.

जुन्या फॉन्टवर एकोणिसावं पान नीट निघालं. मॅक्रोमधून २००डी वगळलं, सातवं पानही मूळ फायलीवरून पुन्हा लावलं. होल्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला लावली आहे.

आता तुमच्याकडून एक हवंय. कोकणी किंवा नेपाळी लिहिणारं कुणी इथे असेल, किंवा ओळखीत असेल, तर त्या भाषांतले अर्ध्या ऱचे शब्द कळवा, विशेषतः य आणि ह सोडून दुसरं काही पुढे येत असेल तर. रविवारपर्यंत यादी पाठवतो असं त्यांना कळवलंय.