प्रति: दुप्पट धोका म्हणजे नक्की किती?

वर कोणीतरी म्हटलंय की बातमी खरी असेल तर काही प्रॉब्लेम नाही, लोकांचा गोंधळ फक्त फेक न्यूजमुळे होतो. मला नाही पटत हे. १९९५ च्या ऑक्टोबरमधलं ब्रिटनचं उदाहरण घ्या, तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका दुप्पट होतो, झालं, पेपर म्हणू नका टीव्ही म्हणू नका, सगळीकडे तेच, आणि घाबरून कित्येक बायकांनी गोळ्याच बंद केल्या. आता दुप्पट म्हणजे किती? तर आधीच्या गोळ्यांना ७००० बायकांमागे साधारण १ केस आणि नव्यांना २. आकडा खोटा नव्हताच! पण पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. आणि गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

२०१५ मध्ये प्रोसेस्ड मीटचंही तसंच, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हे वाचून बऱ्याच जणांना वाटलं शंभरातल्या अठरा जणांना कॅन्सर होणार. अरे बाबांनो, मूळ धोक्याच्या १८ टक्के! तो मूळ धोका किती हे बातमीत एका ओळीत सांगता येतं, पण मग हेडलाइनला कोण क्लिक करणार.