किमान वेतन कागदावर किती, हातात किती? नागपूरकरांचे अनुभव

किमान वेतनावर बोलणं निघालं की आपल्याकडे दोन गट पडतात. एक म्हणतो, दर वाढवा, या महागाईत माणसाने जगायचं कसं. दुसरा म्हणतो, सरकारने दर ठरवूच नयेत, मालक आणि मजूर आपसांत बघून घेतील. दोन्हीकडचे बोलणारे बहुतेक वेळा महिन्याच्या पक्क्या पगाराचे असतात. म्हणून ज्यांचं घर या दरावर चालतं आणि ज्यांना तो दर खिशातून द्यावा लागतो, त्यांनाच इथे लिहायचं आमंत्रण दिलं. कंपनीचं, ठेकेदाराचं, कुणाचंही नाव घालू नका एवढीच अट.

थोडी माहिती आधी. किमान वेतन कायद्याचं विधेयक 1946 मध्ये मांडलं ते तेव्हाचे मजूरमंत्री बाबासाहेब आंबेडकरांनी. मजूर खातं त्यांच्याकडे आलं जुलै 1942 मध्ये, नागपुरात दलित वर्गाची मोठी परिषद झाली त्याच महिन्यात. कायदा झाला 1948 ला. आता त्याच्या जागी वेतन संहिता आली आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून. महाराष्ट्रात उद्योग, परिमंडळ आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल अशा वर्गवारीने दर ठरतात, आणि मूळ वेतनावरचा विशेष भत्ता महागाईप्रमाणे जानेवारी आणि जुलैत बदलतो. देशभरासाठीचा तळाचा दर 2017 मध्ये रोज 176 रुपये ठरला. केंद्रानेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने 2019 मध्ये 375 सुचवले, ते मान्य झाले नाहीत.

माझं मत सांगून ठेवते: दर वाढलाच पाहिजे. पण आज जो आहे तो तरी मजुराच्या हातात पडतो का, हे आधी बघायला हवं. न पटणारे अनुभवही काटछाट न करता ठेवले आहेत.

सुरक्षारक्षक, मानेवाडा

ड्यूटी बारा तासांची, पगारपत्रकावर आठ तास. खात्यात पगार सरकारी दराने पूर्ण जमा होतो, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पगार झाला की ठेकेदाराचा माणूस गाडीवर येतो. त्याच्या पिशवीत आमची सगळ्यांची एटीएम कार्डं असतात, रबरबँड लावलेली. प्रत्येक कार्डावर पांढरी पट्टी चिकटवून पेनाने नाव आणि पिन लिहिला आहे. आम्ही एटीएमबाहेर ओळीने उभे राहतो. तो एकेक कार्ड घालतो, पैसे काढतो, आपला हिस्सा वेगळ्या कप्प्यात ठेवतो, उरलेले आमच्या हातावर. कार्ड परत पिशवीत. पीएफमधला मालकाचा वाटाही आमच्यातूनच वळता होतो.

तपासणीला कुणी आलं तर बँकेचं स्टेटमेंट पुढे करतात. त्यात काय सापडणार?

मागच्या वेळी भत्ता वाढला तेव्हा आमच्या हातातले पैसे तेवढेच राहिले, परत द्यायची रक्कम वाढली. काहून असं, म्हणून एका पोट्ट्याने विचारलं, तर दुसऱ्या दिवशी त्याची पॉइंटवरून बदली झाली, थेट शहराबाहेर. तरी मी म्हणतो दर वाढवा जी. कागदावर जे असेल त्यावरच उद्या मला दावा सांगता येईल.

फरसाणाचं दुकान, इतवारी

माझी बाजूही ऐका. कारागिराला मी दरापेक्षा जास्तच देतो, कारण बारीक शेवेला हात बसलेला माणूस मिळत नाही. तो उद्या दुसऱ्या दुकानात गेला तर माझं दिवाळीचं काम बसतं. त्याच्यासाठी सरकारी दराची गरजच नाही. प्रश्न हेल्परचा. बालाघाटकडून, गोंदियाकडून पोरगा येतो, त्याला काही येत नसतं. मी त्याला मागच्या खोलीत जागा देतो, दोन्ही वेळचं जेवण देतो. सरकारची परवानगी असल्याशिवाय ते पगारात धरता येत नाही. दर एकदम वाढवला तर मी एक माणूस कमी करीन आणि पीठ मळायचं मशीन घेईन, हे उघड सांगतो. भाडं, तेल, बेसन, वीज यातलं काहीच माझ्या हातात नाही.

पण रद्द करा असंही मी म्हणणार नाही. आमच्याच गल्लीत कमी पगारावर माणसं राबवून किलोमागे माझ्यापेक्षा स्वस्त विकणारे आहेत. दर सगळ्यांना सारखा लागू झाला तर माझी काही तक्रार नाही. सध्या जो पाळतो तोच मार खातो.

विडी कामगाराची मुलगी, कामठी

आमच्याकडे पगार महिन्याचा नसतो, हजार बिड्यांवर असतो. 1948 च्या कायद्याच्या पहिल्या यादीतच बिडीचं काम होतं, म्हणजे आम्ही काही नंतर आलेलो नाही. त्याच्याही आधी याच कामठीत बाबू हरदासांनी बिडी मजुरांना एकत्र केलं होतं.

आई सट्टेदाराकडून, म्हणजे बिडीचं काम वाटणाऱ्या मध्यस्थाकडून, तेंदूपत्ता आणि तंबाखू तोलून आणायची. पान रात्री भिजवायचं, सकाळी पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीने त्याच मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक नखाने दुमडायचं, दोरा बांधायचा. पान जुनं निघालं, भोकं पडलेलं निघालं की हजार भरत नाहीत. मग कमी पडलेलं पान स्वतःच्या पैशाने आणा. संध्याकाळी सट्टेदार बंडलं मोजायचा आणि त्यातून काही छाट म्हणून बाजूला काढायचा. त्याची मजुरी नाही आणि त्या बिड्याही परत नाहीत.

शाळेतून आल्यावर मी पानं कापायला बसायची. दोघींच्या हातांची मजुरी एकीच्या नावावर लागायची, तीसुद्धा पूर्ण दिवसाच्या दराएवढी होत नसे. दर हजाराला ठरवताना एका बाईला एकटीने हजार वळायला खरंच किती तास लागतात, ते घड्याळ लावून कुणी मोजलं पाहिजे. माझी तेवढीच मागणी आहे.

पगारपत्रकं बनवणारा, बुटीबोरी

वर्गवारी हा सगळ्यात मोठा घोळ आहे. वेल्डिंग करणारा माणूस रजिस्टरमध्ये अकुशल. मशीन एकट्याने चालवणारा हेल्पर. दर पाळला, कायदा पाळला, आणि माणसाचे पैसे दर महिन्याला गेले.

दुसरं निविदेचं. काम सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला मिळतं. आता वेतन तर ठरलेलं, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) ठरलेलं. ठेकेदार स्वतःचं सेवाशुल्क नावापुरतं लिहून काम घेतो. मग तो कमावणार कुठून? वरच्या मानेवाड्याच्या दादांनी लिहिलंय, तिथून. हे निविदा उघडणाऱ्या साहेबांना कळत नाही असं मला वाटत नाही. ज्या निविदेत ठेकेदाराला नफाच उरत नाही ती बाद व्हायला हवी.

डिलिव्हरी करणारा, प्रतापनगर

रद्द करा म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे बघावं. आम्हाला किमान वेतन नाहीच. ऑर्डरमागे पैसे. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसवर असताना सीताबर्डीत थांबून राहतो, त्या थांबण्याचे शून्य. पेट्रोल माझं, पंक्चर माझं. ऑर्डरचा दर कमी झाला की सकाळी ॲप उघडल्यावर कळतं.

संत्रा बागायतदार, काटोल

तोडणीच्या दिवसांत गडीमाणूस सरकारी दरात येतच नाही, जास्त द्यावे लागतात. निंदणाला मात्र बायांना गड्यांपेक्षा कमी, ही आमच्याकडची रीत आहे आणि ती चूक आहे. समान मोबदल्याचा कायदा 1976 मध्येच झाला. पण मला व्यापारी जो भाव देतो त्यात मजुरी धरलेलीच नसते. शेतमजुरीचा दर वाढवा, आणि मालाच्या भावातही तो धरा.

घरकाम करणाऱ्या आईचा मुलगा, गोकुळपेठ

रूपाताई कुलकर्णींच्या विदर्भ मोलकरीण संघटनेच्या मोर्चाला आई जायची. 2008 मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, नोंदणी आणि मदत त्यातून आली. भांड्याचे किती आणि झाडू-फरशीचे किती, ते मात्र अजून प्रत्येक घरची बाई ठरवते. सुट्टीचे कापणं तर हमखास. धरमपेठेतल्या एका घरी आईने पन्नास रुपये वाढवून मागितले तेव्हा त्या बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू.

निवृत्त युनियन कार्यकर्ता, इंदोरा

वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, मी युनियनमध्ये. 1957 च्या श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशोब घालून दिला: प्रौढ माणशी रोज 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 यार्ड कापड, घरभाडं, आणि सरपण-दिवाबत्तीला 20 टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेसाठी आणखी 25 टक्के धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं. या हिशोबाने आजचा दर कुणीही घरी बसून मांडून बघावा. वाढवायचा की नाही हा वाद तिथेच मिटतो.

आता मानेवाड्याच्या भाऊंसाठी. नव्या संहितेत दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई मिळू शकते. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. कमी वेतन दिलं तर 50,000 रुपयांपर्यंत दंड, पूर्वी तो जेमतेम 500 होता. पण तुमच्या खात्यात पूर्ण पगार दिसतो, म्हणून तुम्हाला रोख परत घेतल्याचा पुरावा लागेल. पगार जमा झाल्याचा मेसेज आणि त्याच दिवशी पैसे निघाल्याचा मेसेज, दोन्ही जपून ठेवा. ड्यूटीवर चढताना-उतरताना वहीचा फोटो घ्या. एकट्याने काही करू नका, तुमची बदली होईल. पॉइंटवरचे सगळे मिळून एकाच दिवशी बँकेत जा, जुनी कार्डं बंद करा, नवी स्वतःच्या घरच्या पत्त्यावर मागवा. मग अर्ज घेऊन कामगार उपायुक्तांकडे. अर्ज लिहायला मी येतो.