इम्प्लांटनंतर आईचा जबडा धरलाय, आधी काय करू?

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

आईच्या (वय ६३) डावीकडच्या खालच्या दोन दाढा सात-आठ वर्षांपूर्वी काढल्या, तेव्हापासून ती उजवीकडूनच चावायची. यंदा तिथे इम्प्लांट केले, स्क्रू बसवून ४ महिने थांबलो मग कॅप लावल्या. पंधरा दिवसांत जांभई देताना डाव्या कानापुढे कट्ट आवाज, मग कान ठणकायला लागला, आम्ही अर्थातच कानाच्या डॉक्टरकडे, ते म्हणाले कान ठणठणीत आहे, जबड्याचा सांधा दाखवा. आता तोंडात उभी तीन बोटं जायला हवीत तिथे सकाळी जेमतेम दोन जातात. भाकरी दुधात कुस्करून खाते आणि वर मलाच, "बिनदाताची बरी होते गं".

इम्प्लांटवाले म्हणतात एक्सरेत हाड छान धरलंय, आमचं काही नाही. दुसऱ्यांनी निळा कागद चावायला दिला तर पुढच्या कॅपवर ठसठशीत डाग, बाकी दातांवर फिकट. मूळचा दात चावताना किंचित दबतो, इम्प्लांट थेट हाडात म्हणून तसा दबत नाही आणि जास्त जोर पडतोय हे नीट कळतही नाही म्हणे. पण नुसता कॅपला दोष देऊ नका, झोपेत दात खातात का बघा म्हणाले. बाबांना विचारलं तर "तीस वर्षं ऐकतोय"!! हे आधी कोणी विचारलंच नाही. तिसऱ्यांनी थेट सुई घालून सांधा धुवायचं सांगितलं.

कॅप घासून घेऊ की नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कव्हर)? आणि इम्प्लांटचा स्क्रू टायटॅनियमचा असताना एमआरआय चालतो का?

प्रतिसाद: एमआरआय सहसा चालतो, इम्प्लांट आहे हे आधी सांगा फक्त. सांध्यातली गादी त्यातच दिसते, साध्या एक्सरेत नाही. पण मी यातून गेलोय, जे मागे घेता येतं ते आधी करा. गार्ड काढून ठेवता येतं, घासलेला दात परत येत नाही. नवी कॅप खरंच उंच असेल तर तेवढीच घासू द्या, मूळचे दात अजिबात नाही. गार्ड मापाचं कडक घ्या, बाजारातलं रबरी नको. गरम शेक, मऊ जेवण, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. तोंड उघडणं अजून कमी झालं तर मात्र थांबू नका.

धागाकर्ती: खूप आभार दादा. मूठ लावायचं सांगितलं तर आई सकाळपासून मुद्दाम जांभया देतेय. गार्ड इम्प्लांटवाल्यांकडूनच करायचं की तोंडाच्या सर्जनला दाखवून मग?