अंधारातली सायकल: तुमच्या घरचे अनुभव सांगा

लेक आठवीला गेली, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. शाळा चार किलोमीटर. दिवाळीनंतर सहालाच अंधारून येतं, त्यात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. जादा तासाला पाठवावं की नको, अशी घालमेल चालूय. आम्ही औसा तालुक्यातले. तुमची लेकरं कशी जातात, काय अडचणी आल्या, लिहा.

केज
आम्ही हाफ पायडल मारत शिकलो. लाइट म्हणजे डायनॅमो. टायरला टेकवला की पायडल जड, आणि थांबलं की दिवा गुल! एकदा चढाला उतरून सायकल ढकलत होतो, मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसानं खांद्यावर सदरा टरकावला. थांबल्यावरही जळणारा दिवा घ्या, सेलवरचा.

लातूर
मुलगा शिकवणीवरून रात्री साडेआठला येतो. हँडलला झकास टॉर्च बसवून दिला आणि निर्धास्त झालो. एकदा मीच मोटारसायकलवर त्याच्या मागून आलो. गडद निळा शर्ट, काळं दप्तर, आणि मागच्या रिफ्लेक्टरवर कॅरिअरला बांधलेला रेनकोट लोंबत होता. अगदी जवळ गेल्यावर कळलं की पुढं कुणीतरी आहे, आणि ते आपलंच लेकरू आहे. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. टॉर्च त्याला खड्डा दाखवत होता, मला तो दिसत नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही. आता मागं लाल दिवा आहे, रेनकोट दप्तरात.

सेलू
पावसाळ्यात शेतरस्त्यावरून डांबरीवर आलं की काळी माती चाकाला लगडते. रिफ्लेक्टर माखतो, ब्रेकचे रबर घसरतात. आमच्याकडं पोरगा डांबरीवर चढायच्या आधी फडक्यानं पुसतो. फडकं सीटखाली खोचलेलं.

गंगाखेड
दिव्याचं ठीक, ओढणीचं बघा. माझी चेनमध्ये अडकली होती, ढोपराचा वण अजून आहे. कमरेला गाठ मारूनच बसवा.

परभणी
आजोबा नातवाला सांगायचे, उजवीकडून जा, समोरची गाडी दिसते. कुणी असं शिकवतं का?

केज
ते पायी चालणाऱ्याला, भाऊ. सायकल डावीकडूनच. समोरासमोर आलं की दोघांचा वेग एकमेकांत मिसळतो, आवरायला वेळच राहत नाही.

औसा
सगळ्यांचे आभार. लाल लुकलुकणारा दिवा आणला, दप्तराला चमकणारी पट्टी चिकटवली. लेक म्हणती, "पप्पा, वरातीला चालले की काय मी?" पट्टी उरली होती, ती घेऊन गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्याकडं गेलो. म्हणलं, ट्रॉलीच्या मागं लावू का. त्यानं आधी ट्रॉलीची फळी पुसली, मग विचारलं, "अजून आहे का? दुसऱ्या ट्रॉलीला पण पाहिजे."